मन्मथ पेंटर आणि रोजची शर्त

माझा धाकटा दीर मन्मथ पेंटर होता. औशात दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मजकूर, शाळेच्या भिंतीवरची सुवचनं, निवडणुकीतली चिन्हं, सगळं तोच रंगवायचा. त्यावर त्याचं पोट होतं. त्याखेरीज तो जी चित्रं काढायचा ती कशाचीच नसायची. झाड नाही, बाई नाही, देव नाही, नुसते तेलातले रंग. लोक हसायचे. मीही हसले आहे. पण आता सांगायला बसले आहे ते हसण्यासारखं नाही, आणि त्यात थोडा माझाही हात आहे.

आमच्या घरी तेलाचा घाणा होता. करडई, जवस, भुईमूग. सासऱ्यांच्या मागे माझे मालक ईश्वरप्पा तो चालवायचे. मन्मथला दुकानात बसवलं की तो गिऱ्हाइकाच्या बरणीत तेल ओतताना हात वर वर नेत धार बारीक करायचा आणि कुठवर तुटत नाही ते बघत बसायचा. शेवटी वैतागून सोळाव्या वर्षी त्याला नांदेडला हबीबभाई नावाच्या पेंटरकडे शिकायला पाठवलं. हबीबभाई सिनेमाचे मोठे बोर्ड रंगवायचे. त्यांच्या दुकानामागे एक भिंत होती. दिवसाचं काम संपलं की सगळे कारागीर त्या भिंतीला ब्रश पुसायचे. वीस वर्षांची पुसापुशी साठून तिच्यावर बोटभर थर चढला होता. मन्मथ दुपारी डबा घेऊन त्या भिंतीसमोर जेवायला बसायचा. हबीबभाई म्हणायचे, "बेटा, ये मैल है. पिक्चर उधर है." तरी रंगाची पूड जवसाच्या तेलात कशी खलायची, कापड खळ लावून कसं ताणायचं, हे त्यांनीच त्याला मन लावून शिकवलं.

सहा वर्षांनी तो परत आला. अडुसष्ट साली त्याचं लग्न झालं. दानम्मा उदगीरकडची. घरात निम्मं कानडी बोलायची, मला अक्का म्हणायची. हसली की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, घरात थोरली सून म्हणून माझा थोडा दबदबा होता, पण दानम्मा आल्यावर घर तिचं झालं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, असं म्हणाले तर ते खोटं ठरेल.

त्या दोघांचा संध्याकाळचा खेळ असा. ती चुलीवर तवा ठेवायची आणि शर्त सांगायची. आज तांबडा रंग डाव्या हातानंच लावायचा. आज रंग लावायचाच नाही, नुसता काढायचा. आज पाच भाकरी होईपर्यंत चित्र झालं पाहिजे. तो गोणपाट ताणून तयारच बसलेला असायचा. तिनं पहिली भाकरी तव्यावर टाकली की हा सुरू. मध्येच ती मागं न बघता सांगायची, "आता उजवीकडं एक ठिपका." तो ठिपका द्यायचा आणि मग त्या ठिपक्यानं सगळं बिघडवलं म्हणून दोघं हसायचे. पाचवी भाकरी फुगली की ती म्हणायची, "बस." त्यानंतर त्यानं ब्रश टेकवायचा नाही. मग ती चित्राला नाव द्यायची. एकाचं नाव 'शेजारणीचं भांडण', एकाचं 'उतू गेलेलं दूध'. मी एकदा विचारलं, की अरे, ह्याचा अर्थ काय? तो म्हणाला, "वैनी, लगोरीचा काय अर्थ असतो?"

तीन-चार वर्षं अशी गेली. मूल झालं नाही. त्याबद्दल बोलणारे बोलत होते, ही दोघं ऐकत नव्हती.

मग बहात्तर साल आलं. त्याच्या आधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं. बहात्तरला विहिरींचे तळ दिसले. दुकानदारांना पाट्या नको होत्या, घाण्याला करडई नव्हती. आम्ही माझ्या पगारावर तगलो, पण मन्मथला वहिनीच्या पगारावर जेवायची लाज वाटली आणि दोघं नवरा-बायको दुष्काळी कामावर गेले. औशाच्या बाहेर रस्त्याचं काम होतं. बाया बसून खडी फोडायच्या, बाप्ये दगड आणून टाकायचे. दुपारी खायला सरकारी सुखडी मिळायची.

तिथंही त्याला गप्प बसवेना. तो मला सांगायचा की वैनी, काळा दगड काळा नसतोच, एक निळा असतो, एक तांबूस, एक शेवाळी. आणलेले दगड तो नुसते टाकायचा नाही, छटांप्रमाणे लावायचा, ढीग एका अंगाला उजळ आणि दुसऱ्या अंगाला गडद होत जाईल असा. मुकादम हसून सोडून द्यायचा. दानम्मा मात्र त्याला बजावायची की इथं नको, इथं लोक उपाशी बसलेत.

पुढच्या जानेवारीत एका दुपारी तो ढीग पुरा झाला. मी तिथं नव्हते. दानम्माच्या शेजारी खडी फोडणाऱ्या साखराबाईनं मला सगळं सांगितलं. खडी फोडणारी बाई हातोडा खाली येताना तोंड वळवते आणि डोळे बारीक करते. हातोडा आपला असो, शेजारणीचा असो. हे कुणी शिकवत नाही, पहिल्याच दिवशी कळतं. साखराबाईचा हातोडा वर गेला होता. तेवढ्यात मन्मथनं हाक मारली, "दानम्मा, इकडं बघ, झालं बघ."

तिनं मान वर केली, दोन्ही डोळे उघडे ठेवून. कपची डाव्या डोळ्यात गेली.

ट्रकमधून तिला सोलापूरला नेलं. डोळा काढावा लागला. बावीस दिवस ती तिथं होती आणि मन्मथ बाहेर व्हरांड्यात होता. साखराबाई आमच्या दारात येऊन रडली. तिला मी सांगितलं की बाई, तुझा काही दोष नाही. मग दोष कुणाचा, ते तिनं विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

सोलापुरातून मधेच एक दिवस मन्मथ घरी आला. रंग, ब्रश, तेलाची बाटली, सगळं एका पोत्यात बांधून त्यानं घाण्यामागं टाकलं. म्हणाला, "वैनी, आता हात लावणार न्हाई." मला ते पटलं. माझ्या मालकांनाही पटलं.

दानम्मा घरी आली. आठ दिवस ती कुणाशी बोलली नाही. नवव्या दिवशी आंघोळ करून तिनं लिंगपूजा केली, कपाळाला भस्म लावलं आणि स्वयंपाकघरात येऊन मन्मथला विचारलं, "रंग कुठायत?"

त्यानं सांगितलं.

"घेऊन या."

"दानम्मा, मी सोडलंय ते."

"तुमी कोण सोडणार?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "उद्यापासून रोज एक चित्र काढायचं. शर्त मी सांगीन, पहिल्यासारखीच."

दुसऱ्या दिवशीची शर्त होती: त्या दुपारी दगड जसे लावले होते तसे काढा. तो रडत होता आणि काढत होता. ती समोर पाटावर बसून बघत होती. संध्याकाळी चित्र झालं तेव्हा तिनं तव्याचं उलथनं घेतलं आणि ओला रंग वरपासून खालपर्यंत खरवडून डालड्याच्या डब्यात भरला. "उद्या दुसरं," म्हणाली.

आम्हाला वाटलं, दुःख आहे, निवेल. महिना गेला, दोन गेले. माझ्या मालकांनी मध्ये पडायचं ठरवलं. दानम्मा थोरल्या दिराशी थेट बोलत नसे. माझ्याकडं तोंड करून तिनं सांगितलं की अक्का, अण्णांना सांगा, हा आमच्या दोघांचा खेळ आहे, जुनाच आहे.  त्यानंतर घरातलं कुणीच त्यात पडलं नाही.

चौथ्या महिन्यात तिनं स्वतःच्या डोळ्यावरची जुनी पट्टी धुऊन ठेवली होती ती काढली आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बांधली. आजची शर्त ही. मी दारात तांदूळ निवडत होते. त्यानं ब्रश हवेत पुढं-मागं करून बघितला. मग कामाला लागला, आणि थोड्या वेळानं एकदम ओरडला, "दानम्मा, खोली जातीय बघ! लांबचं-जवळचं उरतच न्हाई. सगळं एका पातळीवर येतंय!"

इतका आनंद मी त्याच्या तोंडावर कित्येक दिवसांत बघितला नव्हता. दानम्मा घागर घेऊन उभी होती. तिनं एका डोळ्यानं त्याच्याकडं बघितलं. आपण काय बोललो ते त्याला कळलं तेव्हा त्यानं पट्टी ओढून काढली, पण चित्र झालेलं होतं, आणि मला काही कळत नसलं तरी ते त्याच्या सगळ्या चित्रांत चांगलं होतं एवढं मलाही दिसलं. तिनं त्या दिवशी संध्याकाळ होण्याची वाट बघितली नाही. घागर खाली ठेवली आणि उलथनं घेतलं.

तिथून पुढं शर्ती अवघड होत गेल्या. दोन्ही डोळे बांधून. पायाच्या अंगठ्यानं. लिंबाच्या काडीनं. आणि तो प्रत्येक शर्तीत काहीतरी शोधायचा. सुरुवातीला मान खाली घालून बसायचा, घाबरलेला असायचा. पण हात रंगात गेला की पाऊण तासात त्याचं अंग सैल व्हायचं, ओठ मुडपले जायचे, मान एका बाजूला कलायची. तो ते लपवायला बघायचा. त्याला लपवता यायचं नाही. खरवडलेला रंग पुन्हा वापरायचा अशी तिनं शर्त घातली. दोन वर्षांत डब्यातले सगळे रंग मिळून एकच मातकट करडा झाला. मला वाटलं, आता हा मोडला. तर तो त्या एका चिखलातून सतरा प्रकारचे चिखल काढून बसला होता, आणि मला हळूच दाखवत होता की वैनी, हा बघा, ह्याच्यात जांभळा आहे.

एकदा आम्ही दोघी जात्यावर बसलो होतो. दानम्मा म्हणाली, "अक्का, मला वाटतं एकदा तरी यांनी ब्रश फेकावा. न्हाई म्हणावं मला. मग मी सोडून देईन."

"मग सांग की तसं त्याला."

"सांगितलं तर तीबी शर्तच होईल."

मी जातं ओढत राहिले. तिचा खुंट्यावरचा हात थांबला होता.

अठ्ठ्याहत्तर साली तो एकदा पळून नांदेडला गेला. हबीबभाई म्हातारे झाले होते, खाटेवर असायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोन दिवस त्याला जेवू घातलं, ठेवून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जिसकी आँख गई, वो बोलेगी खेल कब खतम. तू नहीं बोलेगा." पाचव्या दिवशी तो औशात परत आला. दानम्मानं पाच दिवसांच्या पाच शर्ती शिल्लक धरल्या होत्या. त्या त्याच्याकडून एका दिवसात पुऱ्या करून घेतल्या. त्या रात्री त्याला घास उचलता येत नव्हता इतका हात सुजला होता. मी भरवायला गेले तर तिनं माझ्या हातातून ताट घेतलं आणि स्वतः भरवलं. त्यानंही तिच्या हातून खाल्लं.

अशी जवळजवळ दहा वर्षं गेली. वाचणाऱ्याला वाटेल की इतकी वर्षं असं कुठं चालतं का? चालतं. रोज सकाळी झाडलोट होते तसं होतं ते. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, एका डोळ्याची बायको नवऱ्याजवळ बसून असते, केवढी माया. लग्नानंतरची जी काही जुनी चित्रं उरली होती, ती माझ्या मालकांनी पेंडीच्या ढिगावर झाकायला घेतली. घट्ट होती, पाणी धरत नव्हती.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. औशात साखर वाटली. रस्त्यांवर, गावांच्या वेशीत, चावड्यांवर जिथं जिथं पाटी होती तिथं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहायचं काम निघालं. आमच्या भागातलं काम रामकिशन नावाच्या गुत्तेदाराला मिळालं आणि त्यानं मन्मथला बोलावलं, कारण मन्मथसारखं अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. सोमवारी सायकल एस.टी.च्या टपावर टाकून तो जायचा, गावोगाव फिरायचा, शनिवारी परत यायचा. दानम्मानं अडवलं नाही. दुकानांच्या पाट्या आता बाहेरून छापून येत होत्या, कामाची गरज होती. बाहेरचं काम बाहेर, म्हणाली. शर्ती रविवारवर आल्या.

नोव्हेंबरात मी निलंग्याला शाळेच्या बैठकीला गेले होते. परतताना एका फाट्यावर एस.टी. पंक्चर झाली. खाली उतरले तर पन्नास पावलांवर पाटीसमोर मन्मथ. मला पाठमोरा, पाय फाकवून उभा, आणि खाली वाकून स्वतःच्या दोन पायांमधून पाटीकडं उलटं बघत होता. छत्तीस वर्षांचा माणूस. आणि एकटाच हसत होता.

मी जवळ गेले. पाटीवर गावाचं नाव तसंच होतं. खाली जिथं जुन्या जिल्ह्याचं नाव होतं तिथं हातभर लांब आणि वीतभर उंच रंगाचा पट्टा होता. निळा, शेंदरी, मोरपिशी, काय काय. त्यानं मला समजावलं. जुनं नाव झाकायला आधी एक थर द्यावा लागतो. तो वाळला की वर पांढरा, मग अक्षरं. त्या खालच्या थरात कुठलाही रंग चालतो, कुणाला दिसणार नसतो. "वैनी, तेवढी जागा माझी. वाळेपर्यंत माझी." शंभरावर पाट्या झाल्या होत्या. प्रत्येक 'लातूर'च्या खाली त्याचं एक चित्र होतं.

मग त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "घरी बोलू नका."

नाही बोलणार, म्हणाले मी.

तीन दिवसांनी मी बोलले. ज्वारी निवडता निवडता सगळं सांगितलं, उलटा वाकून हसत होता तेही. का सांगितलं, ह्याचं उत्तर मी बरीच वर्षं स्वतःला निरनिराळं देत आले. दानम्माला बरं वाटेल, दोघांत गोडी होईल, वगैरे. खरं कारण एवढंच की मला तिला दाखवायचं होतं, की तू दहा वर्षं खरवडलंस आणि त्याचं तुला काहीही काढून घेता आलं नाही.

दानम्मानं ऐकलं. सुपातली ज्वारी पुरी निवडली, डब्यात भरली. मग पदर नीट करून रामकिशनच्या घरी गेली.

रामकिशनला एवढंच कळलं की त्याचा पेंटर दर पाटीमागे दोन-दोन तास वाया घालवतो, आणि सरकारी पाटीवर भलतंसलतं काढतो. दुसऱ्या दिवशी शिरूर अनंतपाळच्या रस्त्यानं लातुरातून मोठ्या लोकांचा दौरा जाणार होता. म्हणून त्यानं लगेच जीप काढली. दानम्मा म्हणाली, मी येते, आणि जीप आमच्या दारात थांबवून मला म्हणाली, "अक्का, चला." शाळेला सुट्टी होती. मी नाही म्हणू शकले असते.

शिरूरच्या स्टँडजवळ, चहाच्या टपरीसमोर ती पाटी होती. पट्टा ओला होता. आम्ही उतरलो तेव्हा मन्मथ उकिडवा बसून त्याच्याकडं बघत होता. दानम्मा सगळ्यांच्या आधी पाटीपर्यंत गेली. करडा-निळा रंग होता, त्याच्यात हळदीसारखा एक पिवळा शिरत शिरत मागं फिरला होता, आणि एक तांबडी रेघ मध्येच थांबली होती. ती पुढं का गेली नाही, असं वाटून मी बघतच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं चित्र बघत राहावंसं वाटलं. दानम्मा त्याहून जास्त वेळ बघत होती.

रामकिशननं विचारलं, "हे काय आहे?"

"काही न्हाई, मालक. अस्तर हाय. वाळलं की पांढरा मारतो."

"न्हाई, काय आहे ते सांग. ह्या सगळ्यांना सांग."

टपरीवरचे लोक उठून आले होते. तीस-चाळीस असतील. मन्मथ मान खाली घालून ब्रश पुसत राहिला. तेव्हा रामकिशनला लहर आली. तो लोकांकडं वळून म्हणाला की जो ओळखेल त्याला माझ्याकडून चहा. मग काय, सुरू झालं. कुणी म्हणालं व्यालेल्या म्हशीची वार. कुणी म्हणालं ह्याच्या बायकोचं तोंड, एक डोळा बघा कसा गेलाय. तो बोलणारा दानम्माला ओळखत नसावा, किंवा ओळखत असेल. लोक पोट धरून हसले. रामकिशननं त्यालाच चहा दिला.

"आता पूस," रामकिशन म्हणाला. मन्मथनं फडकं उचललं. "फडक्यानं न्हाई. सदरा काढ."

त्यानं सदरा काढला. पाठीची हाडं मोजता येत होती. सदरा हातात धरून तो दानम्माकडं वळला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. तो नुसता थांबला होता, तिनं 'बस' म्हणावं म्हणून. निदान मला तसं दिसलं. दानम्मानं तोंड उघडलं नाही. मीही नाही. त्यानं पाटीला सदरा लावला आणि पुसलं. सगळं मिसळून मातकट झालं. ते ओलं असतानाच रामकिशननं त्यावर पांढरा मारायला लावला आणि तिथंच, उघड्या अंगानं, लोकांसमोर त्याला अक्षरं काढायला लावली. त्यानं काढली. एक काना वाकडा आला नाही. ते झाल्यावर रामकिशननं त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं आणि जीपमध्ये बसून निघून गेला. आम्ही तिघं एस.टी.नं परत आलो. माझ्या अंगावरची शाल मी त्याला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दानम्मानं स्वतः गोणपाट ताणलं, त्याला खळ लावली. दुपारी नवे रंग बाजारातून आणून समोर मांडले. ती हळू आवाजात म्हणाली, "आज माझी शर्त न्हाई. तुमाला पाहिजे ते काढा."

तो बसला. ब्रश घेतला. मी वाट बघत होते त्याची मान कलायची. कलली नाही. बऱ्याच वेळानं त्यानं तिला विचारलं, "काय काढू?"

हा प्रश्न त्यानं कधीच कुणाला विचारला नव्हता.

"काहीबी काढा."

"काहीबी म्हणजे काय?" तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच समजत नव्हतं. ब्रशकडं बघून त्यानं तो पाण्याच्या तांब्यात ठेवला, जिथं तेलाच्या रंगाचा ब्रश कुणी ठेवत नाही, आणि उठून तेलाच्या दुकानात जाऊन बसला.

दानम्मा महिनाभर रोज कापड ताणत राहिली. एकदा ती त्याच्यासमोर बसून म्हणाली, "शिव्या तरी द्या मला." तो म्हणाला, "कशाबद्दल?" आणि जेवणाचं विचारलं. पुढं तिनं कापड ताणणं सोडलं. माझ्या मालकांना बरं वाटलं. भाऊ मार्गी लागला, म्हणाले. मी त्यांना निलंग्याच्या फाट्यावरचं कधी सांगितलं नाही, आणि मन्मथनं मला कधी विचारलं नाही की वैनी, तुम्ही बोललात का.

सहा वर्षांनी लातुरात डोळ्यांचं शिबिर भरलं. ज्यांचा डोळा गेला आहे त्यांना काचेचा डोळा बसवून देणार होते. दानम्मा जायला तयार नव्हती, मीच ओढून नेलं. मन्मथ सोबत आला. डॉक्टरीण तरुण होती, चांगली होती. तिनं एक ट्रे आणला. त्यात कापसावर वीस-पंचवीस डोळे ठेवले होते, काळसर, तपकिरी, पिंगट, घारे, एकाहून एक थोडा वेगळा. उजव्या डोळ्याशी जुळता निवडायचा होता. डॉक्टरणीनं सहज विचारलं, ह्यांचे मिस्टर काय करतात? पेंटर होते, असं मी म्हणून गेले. ती खूश झाली. ट्रे त्याच्या हातात देत म्हणाली, "मग तुम्हीच निवडा. तुमच्याइतका रंग कुणाला कळणार?"

दानम्मानं मान वर केली आणि उजवा डोळा पुरता उघडून त्याच्यासमोर धरला. तशी ती बराच वेळ बसली. पापणी लवू नये म्हणून तिनं खुर्चीची कड धरली होती.

मन्मथनं ट्रेकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. "कुठलाबी द्या," म्हणाला, आणि ट्रे टेबलावर ठेवून परतीच्या गाडीची वेळ विचारायला बाहेर गेला.

मग तिनंच एक उचलला. आरशात न बघता उचलला. तो जरा जास्त पिंगट निघाला. डॉक्टरीण म्हणाली की ताई, दुसरा बघू या, हा जुळत नाही. दानम्मानं ऐकलं नाही.